नऊ महिन्यांनंतर: पद्धतींची तुलना करणारे सॉफ्टवेअर आणि आधीच टिक केलेला चौकोन

परळच्या आमच्या प्रयोगशाळेत, रक्तातील औषध मोजणाऱ्या दोन पद्धतींचे आकडे कितपत जुळतात हे तपासणारे हे सॉफ्टवेअर येऊन नऊ महिने झाले आणि आता नूतनीकरणाचे बिल आले आहे, म्हणून हे लिहायला बसले. ब्लँड-ऑल्टमन, डेमिंग, पासिंग-बॅब्लॉक या तुलनेच्या संख्याशास्त्रीय रीती साऱ्या त्यात आहेत आणि नीट चालतात. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार एका चौकोनाबद्दल आहे. आकडे भरण्याच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत 'विसंगत नोंदी वगळा' असा पर्याय आहे आणि तो आधीच टिक केलेला असतो. फेनिटॉइन या अपस्माराच्या औषधाच्या ४० रक्तनमुन्यांवर आम्ही इम्युनोअसेची (प्रतिपिंडांच्या साहाय्याने मोजणारी पद्धत) एचपीएलसीशी (द्रव्ये एकमेकांपासून वेगळी करून मोजणारी पद्धत) तुलना केली, तेव्हा सहमतीच्या मर्यादा (दोन पद्धतींतील बहुतेक फरक ज्यात बसतात तो पट्टा) इतक्या अरुंद आल्या की मला शंका आली. आलेखावरचे ठिपके मोजले, तर ३९. (४० नमुने कसे जमतात, हे जमवणाऱ्यालाच ठाऊक.) गळालेला नमुना डायलिसिसवरील रुग्णाचा होता: एचपीएलसीवर ९, इम्युनोअसेवर १४ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. मूत्रपिंडे निकामी झाली की फेनिटॉइनच्या विघटनातून तयार होणारी द्रव्ये रक्तात साचतात आणि काही इम्युनोअसे त्यांनाही औषध समजून मोजतात. ज्या रुग्णाच्या बाबतीत पद्धत फसते, नेमका तोच या चौकोनाने न विचारता बाहेर काढला होता.

कंपनीला फोन केला, तर उत्तर मिळाले, "मॅडम, पण वगळल्यावर कोरिलेशन सुधारते ना?" एक पद्धत कायम दीडपट आकडा दाखवत असली तरी कोरिलेशन, म्हणजे सहसंबंध, पूर्ण १ येऊ शकतो, ब्लँड आणि ऑल्टमन यांनी सहसंबंधाचा हा फोलपणा १९८६ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिला, आणि तो मला या कंपनीला फोनवर शिकवावा लागला.

रागाच्या भरात 'घेऊ नका' असे लिहिणार होते, पण मागच्या महिन्यात व्हॅल्प्रोएट या अपस्माराच्याच दुसऱ्या औषधाचे काम निघाले. औषधाचे प्रमाण वाढेल तसा दोन पद्धतींतील फरकही नरसाळ्यासारखा फाकत होता. एका क्लिकवर तोच आलेख टक्केवारीत मिळाला. पूर्वी याच कामात माझी एक संध्याकाळ जायची, हे नाकारता येत नाही.

तरीही 'आर' या संख्याशास्त्राच्या मोफत संगणकभाषेत अशाच तुलनेसाठी 'एमसीआर' हे पॅकेज फुकट मिळते आणि ते न सांगता एकही नमुना गाळत नाही. चौकोन मुळात रिकामा ठेवावा, असे कंपनीला लेखी कळवले. 'विनंती नोंदवली आहे' एवढेच उत्तर आले. मग मीही तीनपैकी एकाच परवान्याचे पैसे भरले.