कोलॅजन पावडर, माझा गुडघा आणि मधे आलेला श्रावण

अक्षय्य तृतीयेला गुडघ्यासाठी कोलॅजन (कातडी, हाडं, सांधे यांतलं प्रथिन) पावडर सुरू केली आणि तीन महिने रोज घेतली, एकही दिवस न चुकवता, तर आता काय वाटलं ते सविस्तर लिहितेय. मी घ्यायच्या आधी जिथे तिथे वाचत होते तेव्हा एकतर 'जादू आहे, लगेच मागवा' असं मिळायचं नाहीतर 'सगळी लूट आहे' असं, आणि १४५० रुपयांचा डबा आपण मागवायचा की नाही हे दोन्हीतून कळत नव्हतं.

आधी माझं सांगते म्हणजे तुम्हाला ताडून बघता येईल. वय ४८, डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही, रोज ट्रेनने फोर्टला बँकेत. दीडेक वर्ष झालं उजवा गुडघा त्रास देतोय, जिना चढताना एवढं नाही पण उतरताना कळ येते, स्टेशनचा पूल कठडा धरून उतरायची वेळ आली, हळदीकुंकवाला सतरंजीवर बसलं की उठताना कोणाचा तरी हात लागतो. एक्सरे काढला, डॉक्टर म्हणाले झीज आहे पण सुरुवातीची आहे, थोडं वजन कमी करा आणि मांडीचे व्यायाम रोज करा. गोळ्या आणल्या, व्यायामाचा कागद फ्रिजवर लावला आणि तो तिथेच राहिला. मग पुण्याची मोठी जाऊ फोनवर म्हणाली, "अगं वंगण संपलंय तुझं, मी कोलॅजन घेते सहा महिने झाले, घेऊन तर बघ." त्या मला मोठ्या बहिणीसारख्या आहेत, त्यांनी सांगितलं म्हणजे मी ऐकते, त्याच रात्री मागवला.

ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण मी जे सांगणारे ते यातल्या बहुतेक डब्यांना लागू होतं. माझा होता २०० ग्रॅमचा, मरीन म्हणजे माशाच्या कातडीपासून आणि खवल्यांपासून केलेला, फ्लेवर नसलेला.

पहिली गोष्ट जी मला डबा उघडल्यावर कळली ती आधी कळायला हवी होती. मागे लिहिलेला डोस रोज १० ग्रॅम, आतला चमचा ५ ग्रॅमचा, म्हणजे रोज दोन चमचे, म्हणजे डबा २० दिवसात संपतो! मी महिन्याचा समजून घेतला होता. रोजचे साडेबहात्तर रुपये झाले आणि महिन्याचे दोन हजारांच्या वर. तेव्हा डब्याच्या किमतीकडे बघूच नका, मागे फिरवा आणि एका दिवसाला किती ग्रॅम पेप्टाइड (म्हणजे खरं कोलॅजन, बारीक तुकडे केलेलं) मिळतंय आणि ते किती रुपयाला पडतंय तेवढं काढा. मैत्रिणीने छान छान फ्लेवरची सॅशे घेतली होती, त्यात पेप्टाइड अडीच ग्रॅम आणि बाकी गोडवा, फ्लेवर वगैरे. गमीज तर त्याहून कमी, चॉकलेटसारख्या दोन खायच्या आणि त्यात ग्रॅमभरही नाही.

चव. डब्यावर लिहिलंय चव नाही, वास नाही. गार पाण्यात खरंच फारसं कळत नाही, पण चहात टाकलं तर वाफेबरोबर हलका माशाचा वास येतो, मला चालतं आम्ही मासे खाणारे, पण आल्याच्या चहात तो वास नको वाटतो. दुधात गुठळ्या झाल्या. सगळ्यात चांगलं लागलं लिंबू सरबतात आणि जिऱ्याच्या ताकात, आधी पेल्यात पावडर, मग दोन चमचे कोमट पाणी घालून विरघळवायची आणि मग वरून ताक. लिंबाचा अजून एक फायदा म्हणजे शरीराला स्वतःचं कोलॅजन तयार करायला क जीवनसत्त्व लागतंच लागतं. ते अजिबात नसेल तर हिरड्यांतून रक्त यायला लागतं, स्कर्व्ही म्हणतात तो हाच आजार.

आता हे नक्की आहे काय. आमचे आजोबा सुतारकाम करायचे, त्यांच्याकडे सरस असायचा, जनावरांची हाडं-कातडी उकळून केलेला, गरम करून लाकूड चिकटवायचे. तर सरस, जेली ज्याने घट्ट होते ते जिलेटिन, पायाचं सूप गार झाल्यावर थरथरतं ते, आणि ही पावडर, हे सगळं एकाच घरातलं. कोलॅजन हा शब्दच सरसासाठीच्या ग्रीक शब्दावरून आलाय. आपल्या शरीरातल्या एकूण प्रथिनांपैकी जवळपास तिसरा हिस्सा कोलॅजन असतं, कातडी, हाडं, स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, गुडघ्यातली गादी सगळीकडे. पावडरमधे त्याचे एन्झाइमने एवढे बारीक तुकडे केलेले असतात की ते गार पाण्यात विरघळतं आणि घट्ट होत नाही, त्या तुकड्यांना पेप्टाइड म्हणतात.

पण म्हणून ते जाऊन थेट गुडघ्यात बसतं असं नाही हं. कुठलंही प्रथिन पोटात गेलं की त्याचे तुकडे होतात, तसंच याचंही होतं, फक्त यातले काही अगदी छोटे, दोन-तीन अमिनो आम्लांचे तुकडे न तुटता रक्तात पोचतात हे तपासून दिसलेलं आहे आणि ते पेशींना 'नवीन कोलॅजन बनवा' असा इशारा देत असावेत असा अंदाज आहे. 'झिजलेली गादी भरून निघते' असं जे सगळे सांगतात तसं मला एकाही डॉक्टरने सांगितलं नाही.

गुडघ्याचं सांगते. पहिले तीन आठवडे काही नाही. तेवढ्यात ऑफिसमधे एक दिवस गुडघा असा धरला की मला रिक्षाने घरी यावं लागलं आणि मग मात्र घाबरून फिजिओथेरपिस्टकडे गेले. त्यांनी चारच व्यायाम दिले, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायची, पाय सरळ उचलून धरायचा, खुर्चीतून हात न लावता उठायचं-बसायचं, आणि पायरीवर एक पाय ठेवून हळू उतरायचं. रोज २० मिनिटं. दोन महिन्यांनी पूल कठड्याशिवाय उतरायला लागले. मला इतका आनंद झाला की जावेला फोन करून सांगितलं, वहिनी, तुमच्या पावडरने काम केलं. तोवर व्यायाम माझ्या हिशेबातच नव्हता.

आणि मग श्रावण आला. सासूबाईंनी दिव्याच्या अवसेच्या आदल्या दिवशी डबा हातात घेऊन विचारलं, "अगं हे माशाचं आहे ना, मग श्रावणात कसं चालेल?" माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पावडरला मासा म्हणायचं का नाही यावर घरात थोडी चर्चा झाली पण डब्यावर तो चौकोनातला तपकिरी त्रिकोण आहेच, तर त्यांचं बरोबर होतं. गणपती उठेपर्यंत बंद. म्हणजे साधारण सव्वा महिना पावडर शून्य आणि व्यायाम चालू. गुडघा जसा होता तसाच राहिला, उलट गौरीच्या दिवसात दिवसभर उभी होते तरी रात्री शेकायची वेळ आली नाही. यावरून पावडरचा काहीच उपयोग नव्हता असं छातीठोक म्हणता येत नाही, तीन महिन्यांचा असर मागे राहिलाही असेल, पण माझं मन काय ते समजलं.

नंतर मी वाचलं. २००८ साली अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात १४७ खेळाडूंवर चाचणी झाली होती, रोज १० ग्रॅम, २४ आठवडे, आणि पावडरवाल्यांचं सांध्याचं दुखणं कमी झालं होतं. पण ते तरुण खेळाडू, माझ्यासारख्या झिजेच्या गुडघ्याचे नव्हेत. आणि २०११ मधे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने सांध्यांबद्दलचा दावा तपासून सिद्ध होत नाही म्हणून नाकारला. अजून एक, गुडघ्यासाठी जी रोज ४० मिलिग्रॅमची छोटी कॅप्सूल मिळते ती वेगळी वस्तू आहे, कोंबडीच्या छातीच्या कुर्चेपासून केलेली, टाइप टू प्रकारच्या न तोडलेल्या कोलॅजनची, दोन्हीची तुलना करून 'यात एवढंच कसं' म्हणू नका.

चेहऱ्याचं. मी दर रविवारी सकाळी किचनच्या खिडकीत उभी राहून मेकअप न करता फोटो काढला, तेरा फोटो झाले. डोळ्याजवळच्या रेषा तशाच आहेत. गालावरचं वांग तसूभर हललं नाही, आणि हलणारही नाही कारण वांगाचा संबंध रंगद्रव्याशी, उन्हाशी, हार्मोन्सशी आहे, कोलॅजनशी नाही, हे मी इतक्या बायकांसाठी लिहितेय ज्या वांग जाईल म्हणून हे घेतायत. कातडी थोडी मऊ वाटते का? वाटली, जूनपासून. पण जूनमधे पाऊसही सुरू झाला, मेमधल्या एसीच्या ऑफिसात कोरडी पडणारी कातडी पावसाळ्यात तशीही बरी असते.

इथेही संशोधन आहे, नाही असं नाही. २०१४ ची जर्मनीतली एक चाचणी सगळे सांगतात, ३५ ते ५५ वयाच्या ६९ बायका, आठ आठवडे, त्वचेचा लवचिकपणा वाढला. पण २०२५ मधे २३ चाचण्या आणि जवळपास १५०० लोकांचे निकाल एकत्र करून बघितले गेले, तेव्हा सगळं मिळून फायदा दिसतो, आणि ज्या चाचण्यांना कंपन्यांचा पैसा नव्हता तेवढ्याच वेगळ्या काढल्या तर फायदा दिसत नाही. हे वाचून मला वाईट वाटलं, रागही आला. पाळी जायच्या वयात आपल्या कातडीतलं कोलॅजन खरंच झपाट्याने कमी होतं, पहिल्या पाच वर्षांत साधारण ३० टक्के, आणि नेमक्या त्या घाबरलेल्या बाईला गाठून हे विकलं जातं.

शाकाहारी मंडळींसाठी महत्त्वाचं. नणंद शुद्ध शाकाहारी, तिने हिरव्या ठिपक्याचं 'व्हेज कोलॅजन' मागवलं, माझ्याच किमतीला. मागे वाचलं तर आवळा, बांबूचा अर्क आणि हादगा. हो, आपला भाजीचा हादगाच, बायोटिनसाठी (केसांसाठी म्हणून देतात ते ब जीवनसत्त्व) घालतात. कोलॅजन एक कणही नाही, झाडं कोलॅजन बनवतच नाहीत, बारीक अक्षरात 'बिल्डर' लिहिलेलं असतं, म्हणजे कोलॅजन नव्हे, ते बनवायला मदत करणारं. तिला म्हटलं ताई तुम्ही आवळाच खा, पेरू खा.

आणि बायोटिनवरून आठवलं, हे कृपया नीट वाचा. खूप कोलॅजन पावडरीत केसांसाठी म्हणून भरपूर बायोटिन घातलेलं असतं. त्याने थायरॉइडच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट चुकू शकतो, टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतला मुख्य आकडा) खोटं कमी दिसू शकतं. मी थायरॉइडची गोळी घेते, म्हणून मुद्दाम बायोटिन नसलेला डबा शोधला. तुमच्यात असेल तर रक्त द्यायच्या आधी डॉक्टरांना सांगा, किती दिवस बंद ठेवायचं ते विचारा. मुतखडा झालेल्यांनीही विचारून घ्या, कोलॅजनमधल्या एका घटकाचं शरीरात ऑक्झलेट होतं. माशाची ॲलर्जी असेल तर मरीन नकोच.

प्रोटीन म्हणून तर अजिबात घेऊ नका. यात ट्रिप्टोफॅन नावाचं आवश्यक अमिनो आम्ल नाही त्यामुळे हे प्रोटीन अपुरं, आमच्याकडे अंडं सात रुपयाला मिळतं, पावडरच्या एका दिवसाच्या पैशात दहा अंडी येतात.

त्रास काही झाला नाही, पोट ठीक, थोडं जड वाटायचं पहिला आठवडा. पॅकिंग चांगलं, पाचही वेळा झाकण सील होतं. पाच डबे झाले, ७२५० रुपये. पाचमधले दोन स्टार देते, एक वस्तू लिहिल्याप्रमाणे निघाली म्हणून आणि एक सहज विरघळते म्हणून. कुणाला पैशाचं ओझं नसेल आणि बघायचंच असेल तर १० ग्रॅम, साधं, बिनफ्लेवरचं, बायोटिन नसलेलं घ्या आणि तीन महिन्यांनी एक महिना बंद करून बघा. पैसे मोजून खर्च करत असाल तर आधी फिजिओच्या चार-पाच फेऱ्या करा आणि चेहऱ्यासाठी सनस्क्रीन घ्या, ऊन कोलॅजन तोडतं याबद्दल कुणाचं दुमत नाही.

पाचवा डबा अर्धा शिल्लक आहे. दसऱ्यानंतर ताकात घालून संपवेन, सहावा मागवणार नाही. जावेलाही परवा व्यायामाच्या कागदाचा फोटो पाठवला, त्यांनी सुरू केलेत.