धर्मयुद्धांच्या झेरॉक्स नोट्स: चौथं प्रकरण सोनं, दुसऱ्यावर पेन्सिल हवीच

तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर झेरॉक्सच्या दुकानांत एमए इतिहासाच्या पोट्ट्यांसाठी मध्ययुगीन युरोपचा जो स्पायरलचा गठ्ठा मिळतो, त्यातल्या ‘पोपसत्ता आणि धर्मयुद्धे’ (म्हणजे मुख्यतः जेरुसलेम मुसलमानांकडून घ्यायला निघालेल्या ख्रिश्चन मोहिमा) एवढ्याच भागाबद्दल हे परीक्षण आहे. ९६ पानं, १४० रुपये, टाइप केलेलं मराठी, दोन नकाशे. लिहिणाऱ्याचं नाव कुठंच नाही. पैसे वसूल होतात, पण सगळे ज्या प्रकरणावर तुटून पडतात तेच नेमकं कच्चं आहे.

ते म्हणजे दुसरं, फ्रान्समधल्या क्लेरमाँ इथं भरलेल्या चर्चच्या सभेचं. पहिल्या धर्मयुद्धाची हाक तिथंच दिली गेली. २७ नोव्हेंबर १०९५ रोजी पोप अर्बन दुसऱ्याने भाषण केलं, इथवर बरोबर. पुढं दीड पान ते भाषण अवतरणचिन्हांत छापलंय, जणू कुणी समोर बसून उतरवून घेतलं. अशी शब्दशः नोंद उपलब्ध नाही. फुल्चर, रॉबर्ट, बाल्ड्रिक आणि गिबेर या त्या काळच्या इतिहासकारांनी आपापली भाषणं लिहिली ती १०९९ मध्ये जेरुसलेम हाती आल्यानंतर, म्हणजे निकाल लागल्यावर. फुल्चरच्या भाषणात तर जेरुसलेमचं नावही येत नाही, सगळा भर पूर्वेकडच्या ख्रिश्चनांच्या मदतीवर आहे. जमावाची ‘देवाची इच्छा!’ ही प्रसिद्ध आरोळी रॉबर्टकडची. नोट्समध्ये या सगळ्यांचं जोडून एकच भाषण केलंय. उत्तरात ते तसंच उतरवलं तर जाणकार परीक्षक पहिल्याच ओळीला थांबेल.

त्यापेक्षा सभेचा ठराव पाठ करा. मानासाठी किंवा पैशासाठी नव्हे, फक्त भक्तीपोटी जो देवाच्या चर्चच्या मुक्तीसाठी जेरुसलेमला निघेल, त्याचा तो प्रवास सगळ्या प्रायश्चित्ताच्या जागी धरला जाईल, असा त्याचा आशय. नोट्स म्हणतात, ‘सर्व पापे माफ, स्वर्ग निश्चित.’ हे खोडा. पापाची कबुली द्यावीच लागे. सुटत होतं ते कबुलीनंतर भोगायचं प्रायश्चित्त. अर्बनची स्वतःची पत्रं तर नोट्समध्ये नावालाही नाहीत. फ्लँडर्सच्या लोकांना लिहिलेल्या पत्रात निघण्याची तारीख आहे, १५ ऑगस्ट १०९६, आणि पोपचा प्रतिनिधी म्हणून ल पुईचा बिशप आदेमार. बोलोन्याच्या लोकांना लिहिलेल्या पत्रात तरुण नवऱ्यांनी बायकोच्या संमतीशिवाय निघू नये अशी अट आहे. ती अट पुढं १२०१ मध्ये पोप इनोसंट तिसऱ्याने काढून टाकली. माणसं किती हवी होती ते एवढ्यावरून कळतं.

पहिलं प्रकरण ठाकठीक. अर्बनच्या आधीचा पोप ग्रेगरी सातवा याने १०७४ मध्येच स्वतः फौज घेऊन पूर्वेला जायचा बेत केला होता, हे दिलंय. जर्मन सम्राटाच्या पाठबळावर क्लेमेंट तिसरा हा प्रतिपोप, म्हणजे समोर उभा केलेला दुसरा पोप, होता आणि १०८८ मध्ये निवडून आलेल्या अर्बनला रोमवरही धड ताबा नव्हता, हेही आहे. पूर्वेकडच्या ख्रिश्चन बायझंटाइन साम्राज्याचा सम्राट अलेक्सियस याचे दूत मार्च १०९५ मध्ये इटलीतल्या पियाचेंझाच्या सभेत मदत मागायला आले, तो दुवाही नीट जोडलाय. सरदारांच्या आपसातल्या लढायांना आवर घालणारी ‘देवाची शांतता’ चळवळ मात्र एका ओळीत उरकलीय. ती किमान अर्ध्या पानाची हवी होती, कारण चर्चने शस्त्रधाऱ्यांना नियम घालून द्यायची सवय तिथंच लागली.

आता चौथं प्रकरण. यासाठीच गठ्ठा घ्यावा. भाषणाने माणूस पेटतो, पण दोनशे वर्षं फौजा निघत राहायला व्यवस्था लागते, आणि ती इथं पायरीपायरीने मांडलीय. आधी नवस, मग कपड्यावर क्रूस शिवणं, मग घरदाराला चर्चचं संरक्षण, मग पैसा. धर्मयोद्ध्यांच्या ताब्यातलं एडेसा शहर ११४४ मध्ये पडलं. त्यावर पोप युजीन तिसऱ्याने १ डिसेंबर ११४५ चं फर्मान काढलं. जाणाऱ्याची बायकापोरं आणि मालमत्ता चर्चच्या छत्राखाली, जुन्या कर्जावरचं व्याज बंद, नातलग किंवा जमीनदार पैसे देऊ शकत नसेल तर जमीन चर्चकडे गहाण टाकायची मुभा. ही कलमं नोट्समध्ये एकेक करून दिलीत. सावकारी आणि सातबारा माहीत असलेल्या आपल्या वाचकाला त्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

क्रूस शिवण्याला शेगावच्या पालखीतल्या वारकऱ्याच्या तुळशीमाळेची उपमा दिलीय. ती अर्ध्यापर्यंत चालते. क्रूसाचा नवस चर्चच्या कायद्याने बांधणारा होता. मोडला तर बहिष्कार, म्हणजे चर्चमधून बाहेर. वारी चुकली म्हणून कुणी माळकऱ्याला वाळीत टाकत नाही.

पैशाचा भाग वाचताना पेन हातात ठेवा. ११९९ मध्ये इनोसंट तिसऱ्याने धर्मगुरूंच्या उत्पन्नावर चाळिसावा हिस्सा लावला, स्वतःवर आणि कार्डिनलांवर (पोपखालचे सर्वात वरिष्ठ धर्मगुरू) दहावा. प्रत्येक चर्चमध्ये तीन किल्ल्यांची दानपेटी ठेवायची. एक किल्ली बिशपकडे, एक स्थानिक पाद्र्याकडे, एक गावच्या भाविकाकडे. १२१३ पासून जो लढायला जाऊ शकत नाही त्यानेही नवस घ्यावा आणि पैसे भरून सोडवून घ्यावा, ही वाट रुंद झाली. १२१५ मध्ये रोमला भरलेल्या चर्चच्या चौथ्या लॅटरन सभेत तीन वर्षांसाठी विसावा हिस्सा. नोट्सनी चाळिसावा हिस्सा ४ टक्के आणि विसावा २ टक्के लिहिलाय, काहून ते देव जाणे. २.५ आणि ५ करून घ्या. ४०० मार्क (तेव्हाचं चांदीचं माप) उत्पन्नाच्या मठाला १० आणि २० मार्क, असा ताळा ठेवला की चुकत नाही.

पाचव्या प्रकरणात सगळ्याच गोष्टी पोपच्या खात्यावर टाकल्यात. १०९६ मध्ये जर्मनीतल्या वर्म्स आणि माइंझला ज्यूंची कत्तल झाली ती पोपच्या आदेशाने नव्हे. १२०२ मध्ये एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या झारा शहरातल्या ख्रिश्चनांवर हल्ला करू नका असं बजावूनही फौजेने केला, आणि पोपला तिला बहिष्कृत करावं लागलं. १२०४ मध्ये बायझंटाइन राजधानी कॉन्स्टँटिनोपल त्याच फौजेकडून लुटलं गेलं तेही त्याच्या हाताबाहेर. जर्मन सम्राट फ्रेडरिक दुसरा तर बहिष्कृत असतानाच गेला आणि १२२९ मध्ये न लढता, तह करून जेरुसलेम घेऊन बसला. याउलट दक्षिण फ्रान्समधल्या पाखंडी ठरवलेल्यांवर १२०९ ची मोहीम थेट पोपच्या हाकेवर निघाली. तिला नोट्सनी चार ओळी दिल्यात. पोप हाक देऊ शके, पैसा उभा करू शके, पण निघालेली फौज वळवणं त्याच्या हातात क्वचितच असे, हा मुद्दा वाचणाऱ्याने स्वतःच काढायचा.

छपाईबद्दल. झेरॉक्सची झेरॉक्स असल्यामुळे १ आणि ९ सारखेच दिसतात. ११९१ की ११९९, १०९१ की १०९९ हे ओळखू येत नाही, आणि या विषयात नेमक्या याच आकड्यांची गर्दी आहे. नकाशातले करड्या छटांचे भाग एकसारखे काळे पडलेत. बायझंटाइन कुठं संपतं नि सेल्जुक तुर्कांचं राज्य कुठं सुरू होतं ते कळत नाही, रंगीत पेन्सिलने हद्द ओढून घ्यावी. दुकानदाराकडे मूळ फाइल असेल तर त्यावरून ताजी प्रिंट मागा, वीस-तीस रुपये जास्त जातील. स्पायरल प्लास्टिकचीच घ्या, लोखंडी तार पावसाळ्यात गंजते आणि पानांच्या कडा तांबड्या करते.