साताऱ्याहून ज्येष्ठांसाठी: कास की कोयनानगर?

वेळ अर्ध्या दिवसाचा असेल तर कास पठारच. साताऱ्यापासून साधारण २५ किमी, यवतेश्वर घाटाने. वळणांमुळे मळमळणाऱ्यांना पुढच्या सीटवर बसवा, निघण्याआधी भरपेट खाणं टाळा. फुलांच्या हंगामात, म्हणजे साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, प्रवेशाचं बुकिंग आधीच करा आणि शनिवार-रविवार सोडा. पठाराला २०१२ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, पण पायाखाली आहे तो जांभ्याचा उंचसखल कातळ. पावसात त्यावर शेवाळ धरतं आणि पाय सटकतो. रबरी टोपण झिजलेली काठी इथे धोक्याची; निघण्यापूर्वी नवं टोपण बसवा. गुडघे दुखत असतील तर पठारावर फार आत न जाता पुढे कास तलावाकडे जा. साताऱ्याला पाणी पुरवणारा हा तलाव निवांत बसून पाहता येतो.

कोयनानगरला मात्र पूर्ण दिवस द्या. उंब्रज-पाटणमार्गे जायचं, पाटणला चहापाण्याला थांबायचं. इथलं कोयना धरण १०३ मीटर उंच, साठवण १०५ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर. त्याच्या पाण्यावरच कोयना वीजप्रकल्प चालतो. धरणाच्या भिंतीवर जायला मिळेल असं धरून निघू नका. नेहरू उद्यानातून ते छान दिसतं आणि दमलं की टेकता येतं. नवजाजवळचा ओझर्डे धबधबा कितीही खुणावला तरी तिथल्या पायऱ्या गुडघ्यांचा अंत पाहतात. तो सरळ वगळा.

चालायची भीती वाटणाऱ्या आजी-आजोबांना आम्ही कोयनानगरच सुचवू. प्रवास लांबचा, पण पायपीट कमी.