कोरं नाव की आपल्याच नावाला मुरड?

मंचावर कुठलं नाव लावायचं असं विचारलं की 'आहे तेच नाव ठेव की' हा सल्ला नेहमी मिळतो, पण त्याच नावाचा कलाकार आधीच मंचावर असेल तर हा सल्ला निकालात निघतो. मग उरतात दोन वाटा. एक, जन्मनावाचा मागमूस नसलेलं कोरं नाव. दुसरी, आपलंच नाव थोडं कापून, थोडं सांधून घेणं. मी जादूचे प्रयोग करतो आणि दोन्ही वाटांनी चालून झालोय.

कोऱ्या नावाची ओढ मला पुरती कळते. शिवाजीराव गायकवाड पडद्यावर आले तेव्हा तमिळ सिनेमात शिवाजी गणेशन यांचा दबदबा होता. दिग्दर्शक के. बालचंदर यांनी गायकवाडांना आपल्याच एका जुन्या पात्राचं नाव दिलं, रजनीकांत. इंग्लिश गायक रेजिनाल्ड ड्वाइटने तर सोबतच्या दोन वादकांकडून, एल्टन डीन आणि लाँग जॉन बाल्ड्री यांच्याकडून, एकेक तुकडा उचलला आणि एल्टन जॉन झाला. असं नाव चढवलं की बुजरा माणूसही मंचावर दोन इंच उंच होतो. माझं तसंच व्हायचं. ते नाव इथे सांगत नाही, आता जरा लाज वाटते. त्यात एक जोडाक्षर होतं आणि निवेदक दर वेळी त्यावरच अडखळायचा, एवढं सांगतो.

पण ते नाव मी सोडलं ते दारावरच्या यादीमुळे. प्रयोगाच्या दिवशी पेटी घेऊन मागच्या दाराशी जायचं, तर यादीत मंचावरचं नाव आणि हातातल्या ओळखपत्रावर घरचं. एकदा पहारेकरी म्हणाला, "ते जादूगार आहेत. तुम्ही कोण?" त्याच्या मागेच माझं पोस्टर होतं, पण त्यात फेटा आणि काजळ, समोर उभा मी घामेजलेला. आयोजक फोन उचलेना. पेटीत कबुतर होतं, त्याचीही चुळबुळ सुरू झालेली. असं चार वर्षांत किती वेळा झालं, मोजलं नाही. मानधनही त्याच नावाने निघायचं आणि बँकेतून परत यायचं. प्रत्येकाच्या नशिबी हे येईलच असं नाही. ज्यांच्यासोबत व्यवस्थापक फिरतो त्यांना या कटकटीचा पत्ताही नसेल.

मुरड घातलेल्या नावात हा घोळ बराच कमी होतो. हॉलिवूडचा नट मायकल फॉक्स याच्या नावाचा एक सदस्य अभिनेत्यांच्या संघटनेत आधीच होता, म्हणून त्याने मध्ये 'जे' घातला. गंमत म्हणजे त्याचं मधलं नाव अँड्र्यू. 'जे' आला तो मायकल जे. पोलार्ड या नटाच्या आदरापोटी. एका अक्षरात काम भागलं. गायक डेव्हिड जोन्सलाही 'मंकीज' या बँडमधल्या डेव्ही जोन्सपासून वेगळं व्हायचं होतं. त्याने आडनाव बदलून बोवी केलं, डेव्हिड तसाच ठेवला. हाक मारली की मान आपोआप वळते, हा फायदा लहान वाटतो, पण मंचामागच्या अंधारात फार उपयोगी पडतो.

याही वाटेवर काटे आहेत. प्रयोग पडला तर तो घरच्या नावावर पडतो, शेजारीपाजारी विचारतात. शिवाय आपलं नाव कायम आपल्याच ताब्यात राहील असंही नाही. अमेरिकी गायक प्रिन्सचं तर ते जन्मनाव होतं, तरी रेकॉर्ड कंपनीशी बिनसल्यावर १९९३ मध्ये त्याने ते टाकून एक चिन्ह घेतलं आणि २००० मध्ये पुन्हा प्रिन्स झाला. करार करताना नावाचं कलम वाचा, नाव कुठलंही असो.

ओळख लपवणं गरजेचं असेल, किंवा मुखवटा हाच खेळाचा भाग असेल, तर कोरंच नाव घ्या. मी अडवणार नाही. मी मात्र माझं पहिलं नाव ठेवलं आणि आडनावाची शेपटी छाटली. त्यानंतर त्याच दाराशी पुन्हा गेलो. पहारेकऱ्याने ओळखपत्र पाहिलं, यादीवर बोट फिरवलं आणि विचारलं, "पेटीत काय आहे?"