बडोद्यात पीएचडी: मोठे सर की नवीन मॅडम?

नेट (यूजीसीची पात्रता परीक्षा) निघाली, इंटरव्ह्यू झाला, आता एम.एस. युनिव्हर्सिटीत गाईडचं नाव भरायचंय आणि समोर दोन नावं आहेत. एक डिपार्टमेंटमधले जुने जाणते प्रोफेसर, आणि दुसऱ्या चारपाच वर्षांपूर्वी लागलेल्या असिस्टंट प्रोफेसर. घरी विचाराल तर दांडिया बाजारातला प्रत्येक काका सांगणार "मोठ्या सरांकडेच जा, नाव आहे त्यांचं". माझं मत आधीच सांगून टाकायचं तर बहुतेकांनी मॅडमकडे जावं, फक्त काही गोष्टी आधी तपासून.

पहिला हिशोब गर्दीचा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे प्रोफेसर एका वेळी ८ स्कॉलर, म्हणजे पीएचडीचे विद्यार्थी, घेऊ शकतात, असोसिएट ६ आणि असिस्टंट ४. म्हणजे सरांकडे तुम्ही सातवे नाहीतर आठवे, मॅडमकडे दुसरे-तिसरे. कागदावर हा फरक काहीच वाटत नाही, चॅप्टरचा ड्राफ्ट दिला की मग कळतं, कारण सर कधी सिलेक्शन कमिटीला राजकोटला, कधी कुठल्यातरी इन्स्पेक्शनला, आणि तुमचं लिखाण बघतो कोण तर सीनियर स्कॉलर, ज्याचं स्वतःचं सबमिशनच अडकून पडलंय. मॅडम लाल पेनाने अख्खं पान रंगवतात, वाचताना रडू येतं, पण पान परत तरी येतं! आणि मॅडम एवढ्या मागे लागतात त्यात त्यांचाही स्वार्थ आहे हो, प्रमोशनसाठी त्यांना पेपर हवेत, पण तो स्वार्थ तुमच्याच दिशेला धावतो. सरांना आता नवीन पेपर आला काय नि नाही आला काय, फारसा फरक पडत नाही.

याचीच दुसरी बाजू म्हणजे रविवारी सकाळी सात वाजता व्हॉट्सॅप. नवरात्रात गरब्याला जायला कोणी अडवणार नाही पण "ग्राफ पाठवून मग जा" हे ऐकायची तयारी ठेवा. सरांकडे हा जाच नसतो, तुम्ही पंधरा दिवस दिसला नाहीत तरी त्यांच्या लक्षात येईलच असं नाही. शाळेत किंवा कुठे नोकरी सांभाळून पीएचडी करणाऱ्यांना हेच बरं पडतं.

पैशाचं बघा. जेआरएफ (नेटमध्ये वरचे मार्क पडले की मिळणारी फेलोशिप) असेल तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि नंतर एसआरएफचे, म्हणजे त्याच फेलोशिपच्या पुढच्या टप्प्याचे, ४२,०००, सगळी मिळून पाच वर्षं, थोडा उशीर झाला तरी निभतं. पण गुजरात सरकारच्या 'शोध' या पीएचडी स्कॉलरशिपवर असाल तर महिन्याला १५,००० आणि वर्षाला २०,००० वरखर्चाला, तेही दोनच वर्षं, आणि पीएचडीची कमीत कमी मुदतच तीन वर्षं आहे! म्हणजे सगळं वेळेत झालं तरी शेवटचं वर्ष घरच्यांच्या जिवावर काढायचंय. अशा माणसाने ड्राफ्ट दाबून ठेवणारा गाईड घेणं म्हणजे स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेणं.

मग सरांकडे जायचंच नाही का? केमिस्ट्री, बायोसारखं लॅबचं काम असेल तर जरा थांबून विचार करा. सरांकडे इन्स्ट्रुमेंट आहे, केमिकल्स आहेत, दुसऱ्या लॅबमध्ये सँपल चालवून घ्यायला ओळख आहे. मॅडमकडे कधी कधी एक रिकामी खोली आणि दोन टेबलं असतात. त्यांना सरळ विचारा, एएनआरएफचं (संशोधनाला पैसे देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचं) ग्रँट सँक्शन झालंय का. "अप्लाय केलंय" हे उत्तर नव्हे. शेवटी थिसिस बाहेरच्या निदान दोन परीक्षकांकडे जातो, नियमाने सबमिशननंतरचं सगळं सहा महिन्यांत आटपायला हवं, तिथे सरांचा एक फोन खरंच कामाला येतो. पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागेसाठी, त्यांच्या पत्राला वजन असतं तेही मान्य.

पण सरांची जन्मतारीख काढा! रिटायर व्हायला तीन वर्षांपेक्षा कमी राहिली असतील तर नवीन स्कॉलर घेताच येत नाही. साडेतीन राहिली असतील तर घेता येतो, आणि खरी गोम तिथेच आहे, कारण तुम्हाला लागणार पाच. रिटायर झाल्यावर ते सत्तरीपर्यंत को-गाईड राहू शकतात, मुख्य गाईड मात्र दुसरं कोणीतरी होणार, ज्यांना तुमचा विषय आवडतो की नाही देव जाणे. मॅडमच्या बाबतीत त्या पर्मनंट आहेत ना हे बघा, काँट्रॅक्टवरच्या शिक्षकांना गाईड होता येत नाही, शिवाय असिस्टंट प्रोफेसरचे निदान तीन पेपर असावे लागतात.

दोघांचीही खरी पत्रिका शोधगंगा या थिसिसच्या वेबसाइटवर मिळते, ती चालवणारी इन्फ्लिबनेट ही संस्था आपल्या गांधीनगरचीच. गाईडचं नाव टाका, किती थिसिस आलेत आणि शेवटचा कधीचा ते बघा. मॅडमच्या नावावर कदाचित एकही नसेल, मग त्यांच्या आत्ताच्या स्कॉलरला चहाला न्या आणि एवढंच विचारा, "शेवटचा ड्राफ्ट कधी दिलास, परत कधी आला?" "सर कसे आहेत" विचारलंत तर सगळे छानच सांगतात.

आपल्या लोकांसाठी अजून एक. बडोद्यातली मराठी मंडळी एकमेकांना धरून आहेत, त्यामुळे मोठे सर कुणाच्या तरी आत्याचे शेजारी निघतातच आणि घरचे खूश होतात. मला हा तोटा वाटतो. उद्या काही बिनसलं तर दर सेमिस्टरला तुमची प्रगती तपासणाऱ्या आरएसी या कमिटीसमोर तोंड उघडायची सोय राहत नाही, गणपतीत सर आणि तुमचे बाबा एकाच आरतीला उभे.

मुलींनी, लग्न होऊन पुण्याला नाहीतर इंदूरला जायची शक्यता असेल तर तेही आत्ताच बोलून घ्या. नियमात रिसर्च डेटा दुसऱ्या युनिव्हर्सिटीत न्यायची सोय आहे, जुन्या गाईडला त्याचं श्रेय देऊन. शिवाय मुदतीत मुलींना दोन वर्षं जास्त आणि बाळंतपणाला २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. सरांना हे विचारून बघा आणि मॅडमनाही विचारा, कोणाला नियम आधीपासून माहीत आहे आणि कोण "बघू पुढचं पुढे" म्हणतं ते लक्षात ठेवा.