हॅम्बुर्गमधला बायकांचा बॉक्सिंग क्लास, आणि सुझी केंटिकियानमुळे मी साधा क्लबच का निवडला

आधीच सांगून टाकते, हॅम्बुर्गमध्ये राहणाऱ्या आणि बॉक्सिंग शिकावं असं मनात असलेल्या कुठल्याही मराठी बाईला मी हा क्लास बिनधास्त सुचवेन. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे येईलच. क्लबचं नाव इथे टाकत नाहीये, छोटा क्लब आहे, बायकांच्या बॅचला आत्ताच वेटिंग लागलंय, ज्यांना खरंच यायचंय त्यांनी मेसेज करा, सांगते.

हा काही चकाचक फिटनेस स्टुडिओ नाहीये. शहरात तसे स्टुडिओ पण आहेत, लाल निळे लाइट, मोठ्याने म्युझिक, रांगेत टांगलेल्या बॅगा आणि हेडसेट लावलेला इन्स्ट्रक्टर. तशा एका ठिकाणी मी ट्रायल घेतली होती, घाम भरपूर निघाला पण तासभरात माझ्या हाताकडे कोणी बघितलं सुद्धा नाही, मनगट वाकडं पडतंय का, हनुवटी वर राहतेय का, कोणाला पडलेलीच नव्हती. हा क्लास म्हणजे जर्मनीत प्रत्येक मोहल्ल्यात असतो तसला फेराइन, म्हणजे सभासदांचा क्लब, शाळेचा जिम्नॅशियम हॉल संध्याकाळी भाड्याने घेतलेला, रिंग एकच, बॅगांना जागोजागी टेप चिकटवलेली, आणि कोच दिवसा दुसरी नोकरी करून संध्याकाळी इथे येतो. फी महिन्याला तीस युरोच्या आत. स्टुडिओवाले याच्या दुपटीहून जास्त घेतात.

मी क्लबच का धरला, याचं कारण हॅम्बुर्गची माजी वर्ल्ड चॅम्पियन बॉक्सर सुझी केंटिकियान. इथल्या जुन्या लोकांना हे नाव लगेच आठवतं, आपल्याकडे मात्र फार कोणाला माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते, कारण तिची करिअर वाचल्यावरच मला कळलं की क्लब निवडताना नक्की काय बघायचं.

सुझियाना केंटिकियान, जन्म १९८७ चा, आर्मेनियातल्या येरेवानचा. तेव्हा नागोर्नो काराबाखचं युद्ध चालू होतं, वडिलांना सैन्यात बोलावतील ही भीती होती, म्हणून १९९२ मध्ये घरच्यांनी देश सोडला, म्हणजे ही जेमतेम पाच वर्षांची होती. आधी बर्लिन, मग मोल्दोवा, मग रशिया, अशी फिरफिर करत १९९६ मध्ये हे कुटुंब हॅम्बुर्गला आलं. आणि राहायला काय मिळालं तर बंदरात उभं केलेलं जहाज. त्या काळात शहराने निर्वासितांना ठेवायला जहाजं वापरली होती. आज आपण पाहुणे आले की त्यांना बंदर दाखवायला नेतो, फिशब्रोटखेन म्हणजे माशाचं सँडविच खायला घालतो, फोटो काढतो, त्याच बंदरात ही मुलगी लहानाची मोठी होत होती.

बाराव्या वर्षी ती भावासोबत बॉक्सिंगच्या ट्रेनिंगला गेली आणि तिथलीच झाली. फ्रांक रीथ हा तिचा हौशी काळातला कोच. आता मुद्द्याची गोष्ट. या कुटुंबाला जर्मनीत राहायची पक्की परवानगी नव्हतीच, त्यांना परत पाठवायचं ठरलं होतं आणि एकदा तर प्रकरण विमानतळापर्यंत गेलं. तेव्हा या कोचने धावपळ केली, स्थानिक राजकारण्यांना गाठलं, आणि ते पाठवणं थांबलं. विचार करा, कोणी वकील नाही, मोठी संस्था नाही, संध्याकाळी मुलांना जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ पंच, मारायला शिकवणारा माणूस आपल्या शिष्येसाठी हे करतो. मला त्या माणसाबद्दल जो आदर वाटतो तो शब्दात नीट लिहिता येत नाहीये. तो तेव्हा गप्प बसला असता तर पुढची वर्ल्ड चॅम्पियन जर्मनीत राहिलीच नसती.

आपल्यापैकी बहुतेक जण इथे ब्लू कार्डवर, म्हणजे शिकलेल्या नोकरदारांच्या परवान्यावर, किंवा नवऱ्याच्या, बायकोच्या व्हिसावर आलो, अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणून आपण वैतागतो, ते खरंच आहे, पण कंपनीचं एचआर मागे उभं असतं. तिच्या घरच्यांच्या परिस्थितीशी आपली तुलना होऊच शकत नाही आणि मी करत पण नाहीये. सोळाव्या वर्षी ही मुलगी घरी हातभार लागावा म्हणून एका फिटनेस स्टुडिओत साफसफाईचं काम करत होती. शाळा, मग काम, मग ट्रेनिंग.

आणि त्यातून तिने काय केलं बघा. हॅम्बुर्गची चॅम्पियनशिप पुन्हा पुन्हा जिंकली, मग उत्तर जर्मनीची. हौशी काळात ती फक्त एकच फाइट हरली. २००५ मध्ये, सतरा वर्षांची असताना, हॅम्बुर्गच्याच युनिव्हर्सुम या फाइट्स भरवणाऱ्या मोठ्या कंपनीच्या स्पॉटलाइट बॉक्सिंग या शाखेशी तिचा तीन वर्षांचा करार झाला. बाहेरून बघणाऱ्याला ही खेळातली बातमी वाटेल पण त्या घरासाठी ती त्याहून खूप मोठी होती, कारण ठरलेली कमाई दाखवता आली आणि अख्ख्या कुटुंबाला कायम राहायची परवानगी मिळाली. सतरा वर्षांच्या पोरीच्या सहीवर आईवडील आणि भाऊ इथे राहू शकले. जर्मन पासपोर्ट तिला मिळाला २००८ मध्ये, म्हणजे वर्ल्ड चॅम्पियन झाल्यानंतर वर्षभराने.

वर्ल्ड टायटल आलं १६ फेब्रुवारी २००७ ला, कोलोनमध्ये. डब्ल्यूबीए या जागतिक बॉक्सिंग संघटनेचं फ्लायवेट, समोर व्हेनेझुएलाची कॅरोलिना अल्वारेझ, नवव्या राउंडला रेफ्रीने फाइट थांबवली. वय एकोणीस. फ्लायवेट म्हणजे साधारण ५१ किलोपर्यंतचं वजन, आपल्या मेरी कोमने २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ घेतलं तोच गट म्हणा ना. फरक इतकाच की सुझी तोवर कधीच प्रोफेशनल झाली होती, आणि बायकांचं बॉक्सिंग ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आलं तेच मुळी २०१२ ला. म्हणजे ती मोठी होत असताना या खेळातल्या मुलीपुढे ऑलिम्पिकचं स्वप्न नावाची गोष्टच नव्हती, प्रोफेशनल होणं हाच रस्ता.

तिची उंची जेमतेम पाच फूट एक इंच. माझ्यासारख्या बुटक्या बायकांना तिची फाइट बघायला का आवडते ते इथे येतं. समोरची जवळजवळ कायम उंच, लांब हाताची, तिचा जॅब आधी पोचणार. सुझी काय करते तर लांबून खेळतच नाही. हात गालाला चिकटवून, डोकं सतत हलवत आत घुसते, एकदा आत गेली की पोटावर, बरगड्यांवर, मग वर, पाच सहा पंच एका दमात, आणि समोरचीला हात पूर्ण लांब करायला जागाच उरत नाही. हे दोन मिनिटांच्या दहा राउंडभर करायचं म्हणजे दम किती पाहिजे ते एकदा बॅगसमोर दोन मिनिटं न थांबता मारून बघा, मिनिटभरात खांदे भरून येतात. किलर क्वीन हे तिचं रिंगमधलं नाव, आणि हसऱ्या चेहऱ्याची ती मुलगी घंटा वाजली की जशी बदलायची ते बघितल्यावर ते नाव पटतं.

सगळं सोपं होतं असं नाही. २००७ च्याच मे महिन्यात फ्रान्सच्या नादिया होक्मीबरोबर फाइट झाली आणि निकाल स्प्लिट डिसिजन, म्हणजे तिन्ही जजेसचं एकमत झालं नाही. जिंकली, पण काठावर. मला तिचं सगळ्यात आवडलेलं हे की ती तिथे थांबली नाही, डिसेंबरमध्ये त्याच होक्मीशी परत खेळली आणि या वेळी तिन्ही जजेसनी तिलाच दिलं. दरम्यान रेगिना हालमिख रिटायर झाली होती, जर्मनीत बायकांच्या बॉक्सिंगला घराघरात नेणारी बाई ती, आणि तिच्यानंतर झेडडीएफ या जर्मन टीव्ही चॅनलवर लोक सुझीला बघू लागले. २००९ मध्ये युलिया शाहीनला हरवून डब्ल्यूबीओ या दुसऱ्या जागतिक संघटनेचं टायटलही आलं. २०१२ मात्र वाईट गेलं, आधी अमेरिकेच्या मेलिसा मॅकमोरोकडून हरली, प्रोफेशनल झाल्यापासूनची पहिली हार, आणि वर्षअखेरीला कॅरिना मोरेनोकडून. पुढच्या वर्षी मोरेनोला परतीच्या फाइटमध्ये हरवलं. अख्ख्या प्रोफेशनल करिअरमध्ये हरली ती एवढ्या दोनच वेळा.

तर हे सगळं वाचून मी ठरवलं की आरसे आणि लाइट नाही बघायचे, कोच बघायचा. तो नावाने ओळखतो का, नवीन बाई दारात आली तर उठून पुढे येतो का, कोणी चार आठवडे आली नाही तर फोन करतो का. या क्लबात तिन्ही होतं.

आता प्रत्यक्ष क्लास कसा असतो ते. दीड तास. पहिली वीस मिनिटं दोरीवरच्या उड्या आणि वॉर्मअप, मग शॅडो, म्हणजे समोर कोणी नसताना हवेत पंच, मग जोडीने टेक्निक, मग बॅग नाहीतर कोचच्या हातातले पॅड, शेवटी पोटाचे व्यायाम जे सगळ्यांना नकोसे असतात. टायमर पुरुषांच्या बॅचला तीन मिनिटांवर आणि आमच्या बॅचला दोनवर लावतात, प्रोफेशनल बायकांच्या राउंडसारखाच, पण ज्यांना तीन पाहिजे त्यांना तीन करू देतात, हे मला फार आवडलं.

सुरुवातीला तुम्हाला पंच मारूच देत नाहीत. आधी हँड रॅप गुंडाळायला शिकवतात, आणि ते किती बारकाईने! लूप अंगठ्यात, मनगटाला तीन वेढे, मग मुठीच्या हाडांवरून, मग बोटांच्या मधून, परत मनगट. कोच येऊन मूठ वळायला सांगतो आणि रॅपखाली आपलं बोट घालून बघतो, सैल असेल तर सगळं सोडून परत. मग पाय. फरशीवर चिकटपट्टीची एक रेघ मारलेली आहे, डावा पाय रेघेच्या एका बाजूला, उजवा दुसऱ्या बाजूला, आणि तसंच पुढे मागे सरकायचं, रेघ ओलांडायची नाही, पाय जुळवायचे नाहीत. कंटाळवाणं वाटतं पण याच्यामुळेच नंतर कोणी ढकललं तरी पडत नाही.

माझी उंची बघून कोचने मला लांबून जॅब मारत बसायला लावलं नाही. मोबाइलवर सुझीची एक जुनी फाइट लावली आणि आवाज बंद करून फक्त तिचे पाय बघायला सांगितले. बघ, ती आधी पायाने आत जाते, मग हात येतो, तू हात आधी पाठवतेस आणि पाय मागे राहतात. एवढं एक वाक्य, पण त्यानंतर माझा पंच बदलला. स्टुडिओत वर्षभर गेले असते तरी हे कोणी सांगितलं नसतं याची मला खात्री आहे.

स्पारिंगची, म्हणजे रिंगमध्ये समोरासमोर सरावाच्या फाइटची, सक्ती नाही. माउथगार्ड आणि हेडगार्ड घातल्याशिवाय रिंगमध्ये पाय ठेवू देत नाहीत, आणि नवीन मुलीसमोर कायम अनुभवी बाई देतात, जी जोरात मारत नाही. बॅचमध्ये कोण कोण आहे म्हणाल तर एक नर्स, एक सीरियातून आलेली कॉलेजची मुलगी, दोन जर्मन आजीबाई ज्या दोरीवर माझ्यापेक्षा छान उड्या मारतात, एक तुर्की बाई आणि मी. जर्मन भाषा धड येत नसेल तरी चालतं. लिंक्स (डावा), रेख्ट्स (उजवा), डेकुंग (हात वर धरून बचाव) एवढं कळलं की क्लास कळतो. उलट माझं जर्मन ऑफिसपेक्षा इथेच जास्त सुधारलं, कारण ऑफिसात सगळे इंग्लिशवर येतात, इथे कोणी येत नाही.

अर्धा स्टार कापला तो यासाठी. बायकांची चेंजिंग रूम थंडीत गारठलेली असते आणि शॉवरला गरम पाणी कधी येतं कधी नाही. मेंबरशिपच्या ईमेलला उत्तर यायला खूप वेळ लागतो, सरळ ट्रेनिंगला जाऊन कागद हातात द्यावा हे उत्तम. शाळांना सुट्टी लागली की हॉल बंद, म्हणजे उन्हाळ्यात सहा आठवडे आपलं आपण पळायचं. आणि मेंबरशिप सोडायची असेल तर लेखी कळवावं लागतं, तारीख चुकली तर पुढची फी जाते, सही करताना तेवढी ओळ नीट वाचा.

खरेदीची घाई करू नका. क्लबचे ग्लोव्ह्ज पहिले काही आठवडे वापरायला मिळतात, वास येतो पण चालतं. स्वतःचे घ्यायचे तर आधी फक्त रॅप घ्या, साडेतीन चार मीटरचे, थोडे ताणले जाणारे. ग्लोव्ह्ज नंतर, बॅगसाठी दहा किंवा बारा औंस, आणि हात लहान असेल तर दुकानात रॅप बांधूनच घालून बघा, ऑनलाइन मागवलेले मला आत ढिले झाले आणि परत करावे लागले. बूट सुरुवातीला नकोतच, सपाट तळव्याचे साधे इनडोअर शूज पुरतात, फक्त काळा डाग पडणारा सोल नको, शाळेचा हॉल आहे, केअरटेकर ओरडतो.

ट्रायल क्लास फुकट आहे, नाव आधी द्यावं लागत नाही, पण पंधरा मिनिटं आधी या म्हणजे कोच रॅप बांधून देतो. टॉवेल, पाण्याची बाटली आणि केस बांधायला रबर आणा. ज्यांना लहान मुलं आहेत त्यांच्यासाठी, शेजारच्या छोट्या हॉलमध्ये त्याच वेळी मुलांची बॅच असते, आठ वर्षांपासून पुढच्या मुलामुलींना घेतात, त्यांची फी आपल्याहून कमी आहे आणि तिथे जागा अजून शिल्लक आहेत.