निकॉन डी९० बदलावा का? नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ऑगस्ट २००८ मध्ये जाहीर झालेला निकॉन डी९० हा डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला, कॅमेरा मी बरीच वर्षे वापरतो आहे. नवा मिररलेस (आरसा नसलेला) कॅमेरा घ्यावा का, हा विषय घरात वारंवार निघू लागला, तेव्हा मी ठरवले की आधी नऊ महिने याच कॅमेऱ्याने नेहमीचे सारे फोटो काढायचे आणि कोणता फोटो कॅमेऱ्यामुळे हुकला, कोणता माझ्यामुळे, याची वहीत नोंद ठेवायची.

मेगापिक्सेलचा मुद्दा मला सर्वांत गौण वाटला. १२.३ मेगापिक्सेलचा फोटो ४२८८ बाय २८४८ बिंदूंचा असतो, म्हणजे १८ बाय १२ इंचांच्या छपाईत इंचाला सुमारे २३८ बिंदू मिळतात. पुण्यातल्या पाताळेश्वर लेण्यासमोरच्या वर्तुळाकार नंदीमंडपाचा एवढ्याच आकाराचा फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे आणि त्यात कातळाचा पोत स्वच्छ दिसतो. २४ मेगापिक्सेल ऐकायला दुप्पट वाटतात. लांबी-रुंदीत मात्र वाढ १.४ पटच होते.

हिवाळ्यात पुण्याजवळच्या कवडीपाटला पक्ष्यांचे फोटो काढताना उडते चक्रवाक बरेचदा धूसर आले. याच्या ११ फोकस बिंदूंपैकी मधला एकच क्रॉस प्रकारचा (उभ्या-आडव्या दोन्ही रेषा पकडणारा, म्हणून अधिक भरवशाचा) आहे, त्यामुळे दोष त्याचाच असावा असे मी धरून चाललो होतो. वही पाहिल्यावर कळले की बहुतेक वेळा मी शटर १/५०० सेकंदावर ठेवले होते. ते १/१६०० केल्यावर निम्म्याहून अधिक तक्रार संपली.

खरी अडचण सभागृहात आली. मुलगी कथक शिकते, आणि तिच्या चक्करांसाठी किमान १/२५० शटर लागते. ५० मिमी एफ/१.८ डी लेन्स पूर्ण उघडूनही आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० वर न्यावे लागले आणि सावलीतल्या भागात दाणे उमटले. रॉ फाइलवर (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलवर) आजचे नॉइज कमी करणारे सॉफ्टवेअर वापरल्यावर फोटो पुष्कळ सुधारले, हे मान्य करायला हवे. परंतु अभिनयाच्या शांत क्षणी आरसा उचलला जाण्याचा आवाज पुढच्या रांगेपर्यंत पोहोचतो आणि त्यावर सॉफ्टवेअरचा इलाज नाही. मित्राचा मिररलेस दोन कार्यक्रमांना वापरला, तेव्हा आयएसओ ६४०० वरही चेहऱ्याचा रंग टिकला, फोकस डोळ्यावर राहिला आणि आवाज मुळीच झाला नाही. मात्र एलईडी दिव्यांखाली या आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरने काही फोटोंवर आडवे पट्टे आले, म्हणून तिथे यांत्रिक शटरच वापरावे लागले.

लेन्सचा हिशेब मात्र अनेकांच्या लक्षातून सुटतो. माझ्या ५० मिमी लेन्सला स्वतःची मोटर नाही. डी९० च्या बॉडीतली मोटर तिला फिरवते. निकॉनच्या झेड या मिररलेस कॅमेऱ्यांवर जुन्या लेन्स जोडणारा एफटीझेड अडॅप्टर लावूनही या लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही, त्यामुळे नुसती बॉडी घेऊन भागणार नाही, तेवढ्याच उजेडाची नवी लेन्सही घ्यावी लागेल.

दोन्ही एकत्र परवडेपर्यंत मी डी९० बदलणार नाही आणि पुढेही तो विकणार नाही, कारण किल्ले, लेणी आणि घरगुती समारंभ यांसाठी तो मला पुरेसा आहे. मुलीच्या पुढच्या कार्यक्रमासाठी मिररलेस बॉडी आणि लेन्स भाड्याने घेईन, आणि आदल्या दिवशी सभागृहात जाऊन तिथल्या दिव्यांखाली दोन्ही शटर तपासून पाहीन.